पेशी निवडायच्या मशीनचा डिप्लोमा करावा का?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी, कापूस-सोयाबीन घेतो. मुलगी यवतमाळला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मायक्रोबायोलॉजी. एकेक पेशी तपासून हवी ती वेगळी काढतात, असं तिनं कॉलेजातल्या व्याख्यानात ऐकलं. तेव्हापासून हेच शिकायचं म्हणते. एक खासगी संस्था सहा महिन्यांच्या डिप्लोमाचे दीड लाख मागते. वेळ पडली तर बैलजोडी विकू. पण यात पोट भरतं का?

भाऊ, बैलजोडी विकू नका. सेल सॉर्टर नावाचं हे मशीन फार महाग असतं, मुख्यतः मोठ्या संशोधन संस्था आणि औषध कंपन्यांकडे असतं. ते त्या संस्थेत आहे का आणि मुलीच्या हातात किती तास येईल, एवढं लेखी मागा. उत्तर काय येतं त्यावरून तुम्हालाच कळेल.

काम मात्र खरं आहे. गाईला कालवडच व्हावी म्हणून पशुवैद्यक लिंगनिश्चित वीर्यमात्रा वापरतात, ती याच मशीनची देण. कालवड देणाऱ्या शुक्रपेशीत डीएनए सुमारे ४ टक्के जास्त असतो. डीएनएला चिकटणारा रंग दिला की ती लेझरच्या उजेडात किंचित जास्त चमकते. मशीन पेशींना एकामागोमाग एक लेझरसमोरून नेतं, चमक मोजतं, पेशी असलेल्या थेंबाला विद्युतभार देतं आणि तो थेंब हव्या त्या नळीत वळवतं. सेकंदाला हजारो पेशी. म्हणून १०० वासरांत साधारण ९० कालवडी होतात. औषधं बनवताना याच पद्धतीनं भरपूर प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी प्रथिनं, म्हणजे अँटीबॉडी) तयार करणारी पेशी शोधतात. ९६ खळग्यांच्या ताटलीत प्रत्येक खळग्यात एकच पेशी टाकतात, ती वाढू देतात, मोजतात आणि बहुतेक सगळ्या टाकून देतात.

खरं कसब बटण दाबण्यात नाही. पडद्यावर प्रत्येक पेशी म्हणजे एक ठिपका. त्या ठिपक्यांच्या गर्दीभोवती माणूस माऊसनं रेघ ओढतो, त्याला गेटिंग म्हणतात. रेघेच्या आतलं घ्यायचं, बाहेरचं सोडायचं. मेलेल्या पेशीही रंग धरून खोट्या चमकतात. रेघ सैल पडली तर त्या आत शिरतात आणि पुढची कित्येक आठवड्यांची मेहनत वाया जाते. ही नजर जीवशास्त्र आणि संख्याशास्त्र पक्कं असेल तरच येते. मशीन चालवणं नंतर कामावरच शिकता येतं.

म्हणून बीएस्सी पूर्ण करू द्या, आणि संख्याशास्त्र आतापासूनच हाती घ्यायला सांगा. तिसऱ्या वर्षात जीएटी-बी परीक्षा द्यायची. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचं पाठबळ असलेल्या एमएस्सीला त्यातून प्रवेश मिळतो, सोबत विद्यावेतनही. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. असं मशीन जवळून बघायला मिळेल अशा ठिकाणी एमएस्सीचा प्रकल्प करण्याची धडपड करावी. वसतिगृह आणि शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी बघा.

पोट भरतं, पण उशिरा. नुसत्या बीएस्सीवर हे काम मिळणं अवघड. एमएस्सीनंतर नेट ही राष्ट्रीय परीक्षा देऊन जेआरएफ म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली, तर महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. नोकऱ्या मुख्यतः पुणे, हैदराबाद, बंगळुरूकडे. घराजवळच राहायचं असेल तर ही वाट अडचणीची, हे आत्ताच घरात बोलून घ्या.

आणि या कामाची गोडी आहे का, हे दीड लाख न भरताही तपासता येतं. तुमच्याच वावरातली चिमूटभर काळी माती तिनं कॉलेजात न्यावी. सरांना विचारून ती पाण्यात पुन्हापुन्हा विरळ करावी आणि स्टार्च घातलेल्या अगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, ताटलीत पसरावी. दोन-तीन दिवसांनी तिच्यावर जिवाणूंच्या वसाहती, म्हणजे ठिपक्यांसारखे पुंजके, दिसतील. आयोडीननं जिवाणू मरू शकतात, म्हणून आधी त्यांची एक प्रत दुसऱ्या ताटलीवर काढून ठेवावी. मग वरून आयोडीन ओतलं की ताटली निळी-काळी होते, पण काही वसाहतींभोवती स्वच्छ वर्तुळ उरतं. त्या जिवाणूंनी स्टार्च पचवलेला असतो. हजारोंतून कामाचा जिवाणू हुडकणं इथूनच सुरू होतं. सगळ्यांत मोठं वर्तुळ कुणाचं ते मोजायचं, तीच वसाहत प्रतीतून उचलून नव्या ताटलीवर वाढवायची आणि पुन्हा मोजायचं. महिनाभर हे करून तिला कंटाळा आला नाही, तर जीएटी-बीचा अर्ज भरा.