टेलिग्राम ग्रुपला मॉडरेशन बॉट कसा लावायचा? कोडिंग यावं लागतं का?

तुम्ही लिहिलंय की ग्रुपमध्ये 900 लोक, ॲडमिन दोघंच, आणि रात्री दोनला कोणीतरी ‘घरबसल्या रोज 5000 कमवा’ टाकून जातो, सकाळी तुम्ही उठेस्तोवर ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. आमची पण अगदी हीच गत होती. मी इंदूरचा, ग्रुप आपल्या इथल्या मराठी लोकांचा, राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर असा सगळीकडचा गोतावळा. कोणाला भाड्याने खोली पाहिजे, कोणाला पोळ्यांना बाई, कोणाला सत्यनारायणाला गुरुजी. त्यात हे क्रिप्टोवाले आणि रमीवाले घुसले की म्हातारी मंडळी खरंच लिंकवर बोट दाबतात हो, म्हणून बॉट लावला, म्हणजे ग्रुपवर नजर ठेवून असे मेसेज आपोआप उडवणारा प्रोग्रॅम.

कोडिंग अजिबात लागत नाही. मी याच भीतीने सहा महिने फुकट घालवले म्हणून आधी सांगून टाकतो.

बॉटच्याही आधी टेलिग्रामच्या स्वतःच्या सेटिंग बघा. लिंकवरून येणाऱ्याला ॲडमिनच्या मंजुरीशिवाय आत न घेणं, स्लो मोड (एकाने एक मेसेज टाकला की पुढच्यासाठी थोडं थांबायचं), आणि 200 च्या वर मेंबर असतील तर ॲडमिनच्या पानावर ॲग्रेसिव्ह अँटी-स्पॅम नावाचं बटण, हे सगळं फुकट आहे. आमचा निम्मा कचरा त्यानेच थांबला.

उरलेल्यासाठी तयार बॉट घ्या. आम्ही मिस रोज वापरतो, बरेच लोक तोच वापरतात. त्याच्याच नावासारखे नकली बॉट पण फिरत असतात, तेव्हा युजरनेम नीट वाचून मगच घ्या. ग्रुपमध्ये ॲड करायचा, ॲडमिन करायचा, आणि हक्क देताना फक्त मेसेज डिलीट करणं आणि लोकांना बॅन करणं एवढेच द्यायचे. नवे ॲडमिन नेमण्याचा हक्क चुकूनही नको, घराच्या किल्ल्या कोणी दूधवाल्याला देतं का. अजून एक, साधा मेंबर असलेला बॉट डीफॉल्टमध्ये फक्त त्याला दिलेल्या कमांड वगैरेच बघतो, पण ॲडमिन केला की ग्रुपमधला प्रत्येक मेसेज त्याच्यापर्यंत जातो. हे लोकांना आधीच सांगून ठेवा, आमच्याकडे एका काकांना नंतर कळलं आणि त्यांनी त्यावर दोन दिवस काढले. आणि बॉट आला म्हणजे मागची घाण आपोआप साफ होईल असं नाही, तो यायच्या आधीचे मेसेज त्याला दिसतच नाहीत, आणि 48 तासांपेक्षा जुना मेसेज बॉटला डिलीट करता येत नाही. ती सफाई हातानेच करावी लागते.

बॉटला सूचना द्यायच्या त्या कमांडने, आणि त्या स्लॅशच्या (/) चिन्हापासून सुरू करून रोमन अक्षरांतच टाइप करायच्या असतात, मी इथे आपल्या अक्षरांत लिहितोय एवढंच. पहिल्याच दिवशी स्लॅश सेटलॉग करून एक वेगळं चॅनल जोडा, म्हणजे कोणाला वॉर्निंग दिली, कोणाला काढलं याची तिथे नोंद पडत राहते. हे केलं नाहीत तर ‘मला का काढलं’ म्हणून फोन येईल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. स्लॅश लॉक मध्ये आम्ही फक्त इनव्हाइटलिंक बंद केलंय, म्हणजे दुसऱ्या ग्रुपांची आमंत्रणं उडतात. सगळ्याच लिंक बंद करू नका, लोक दवाखान्याचं, हॉलचं मॅपवरचं लोकेशन टाकत असतात ते पण जाईल. आणि जुन्या भरवशाच्या लोकांना स्लॅश अप्रूव्ह करून टाका, मग लॉक, बंदी घातलेल्या शब्दांची यादी, फ्लड (एकाने मेसेजांचा मारा करणं) यातलं काहीच त्यांना लागत नाही. हे मला फार उशिरा कळलं.

उशिरा म्हणजे कसं, तर फ्लड. स्लॅश सेटफ्लड 5 म्हणजे एकाने मध्ये दुसरं कोणी न बोलता लागोपाठ पाच मेसेज टाकले की त्याच्यावर कारवाई. ऐकायला छान वाटतं. मग आली रंगपंचमी. इंदूरची गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, तुम्हाला माहीत असेलच, राजवाड्यावर माणूस मावत नाही, टँकरने रंग उडवतात, आणि घरी आलं की जो तो फोटो टाकायला बसतो. टेलिग्राममध्ये दहा फोटोंचा अल्बम टाकला तर बॉटच्या दृष्टीने ते दहा वेगळे मेसेज असतात. संध्याकाळपर्यंत माझ्या सख्ख्या मावशीसकट पंधरा-वीस लोक म्यूट. माणूस रंगात न्हाऊन घरी आलाय, फोटो टाकतोय आणि ग्रुप म्हणतोय गप्प बस. रात्री नऊपर्यंत एकेकाला अनम्यूट करत बसलो. आता आकडा 12 ठेवलाय आणि सणावारी बंदच करतो.

कॅप्चाचं पण तसंच. नवीन माणूस आला की त्याने एक बटण दाबायचं, तोपर्यंत तो म्यूट. स्पॅमवाल्यांचे ऑटोमॅटिक अकाउंट यात बरेच अडकतात, म्हणून हे लावाच. पण मी शहाणपणा करून कॅप्चाकिक पण चालू केलं, पाच मिनिटांत बटण दाबलं नाही तर बाहेर. आमच्या ओळखीच्या एक आजी, वय 74, नातवाने टेलिग्राम घालून दिलं आणि तो क्लासला गेला. बटणावर इंग्रजी. आजी आत आल्या, बाहेर गेल्या, परत लिंक दाबून आत आल्या, परत बाहेर, असं तीनदा. चौथ्यांदा त्यांनी थेट माझ्या आईला फोन केला, “तुमच्या मुलाने मला हाकललं, मी असं काय बोलले?” मग बटणावरचा मजकूर बदलला, स्लॅश सेटकॅप्चाटेक्स्ट म्हणून कमांड आहे, आता तिथे ‘मी माणूस आहे, आत येऊ द्या’ असं आहे आणि मुदत एक दिवस.

आता बंदी घातलेल्या शब्दांची यादी, म्हणजे ब्लॉकलिस्ट, जिथे आपल्या भाषेत सगळ्यात जास्त घोळ होतो. रमीच्या जाहिराती यायच्या, त्यात शब्द जोडून लिहिलेले, ऑनलाइनरमी, रमीबोनस असे. मी ब्लॉकलिस्टमध्ये रमी च्या दोन्ही बाजूंना स्टार लावला, म्हणजे मागेपुढे काहीही चिकटलेलं असलं तरी पकड. मार्च गेला, एप्रिल गेला, काही नाही. मे उजाडला. तुम्ही महाराष्ट्रातले असाल तर उकडतं म्हणाल, इंदूरचा मराठी माणूस म्हणतो “काय गरमी होऊन राहिली आहे!” आता गरमी हा शब्द नीट बघा. रोज दुपारी ग्रुपमधले मेसेज गायब व्हायचे, आणि तीन वॉर्निंग झाल्या की माणूस बाद. एका भियाने तर विचारलं की ऊन पडतं हे बोलायला आता परवानगी लागते का. परवानगीवरून आठवलं, परमीशन पण उडत होतं.

मला वाटलं स्वतःचा बॉट बनवला की सुटलो. तुम्ही शेवटी विचारलंय म्हणून तेही सांगतो. टेलिग्राममध्येच बॉटफादर नावाचा बॉट आहे, त्याला स्लॅश न्यूबॉट म्हटलं की तो नाव विचारतो आणि एक टोकन देतो. हे टोकन म्हणजे बॉटचा पासवर्डच, ते कोणाच्या हाती लागलं तर तुमच्या बॉटच्या नावाने तो काहीही करेल. तसं झालं तर बॉटफादरकडूनच स्लॅश रिव्होक करून नवीन घ्यायचं. पुढचं कोडिंग पायथन या भाषेत माझ्या भाच्याने एका रविवारी लिहून दिलं.

यादीत आम्ही सट्टेवाल्यांसाठी ‘बेट’ (इंग्रजीतलं, पैज) टाकलं, आणि या वेळी हुशारीने, पूर्ण शब्द असेल तरच पकड असं. पहिल्या दिवशी काय उडालं? ‘बेटा’ आणि ‘बेटी’. इंदूरमध्ये बेटा म्हटल्याशिवाय वाक्य पूर्ण होतं का! आणि जी रमी पकडायची होती ती मात्र बिनधास्त चालू. दोन दिवस डोकं खाजवलं, मग भाच्याला सापडलं. पायथनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरात ठराविक नमुना शोधायच्या पद्धतीत, शब्द कुठे संपला हे ओळखायची जी खूण आहे, बॅकस्लॅश बी, ती काना, मात्रा, वेलांटीला अक्षर मानतच नाही, तिच्या लेखी ते स्वल्पविरामासारखं काहीतरी. त्यामुळे बेटा मधला काना दिसला की तिला वाटतं बेट इथे संपला. आणि रमी च्या शेवटी वेलांटी आहे, तिच्यानंतर स्पेस, दोन्ही तिच्या दृष्टीने अक्षर नाहीत, मग शब्द संपल्याची खूण सापडतच नाही आणि रमी कधीच जुळत नाही.

उपाय साधा आहे, ती खूण वापरूच नका. मेसेज स्पेसवर तोडा, प्रत्येक तुकड्याच्या कडेची विरामचिन्हं काढा आणि सरळ यादीशी जुळवा. त्याआधी नुक्ता (अक्षराखालचा टिंब) काढून टाका, कारण इथे निम्मे लोक हिंदी कीबोर्डवर लिहितात, त्यांचं नुक्त्याचं ‘कर्ज़’ आणि आपलं ‘कर्ज’ मशीनसाठी दोन वेगळे शब्द, आणि नुक्त्याचा ज युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या यादीत) एक अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि ज अधिक नुक्ता असाही. रोमनमध्ये लिहिणाऱ्यांची यादी वेगळी ठेवावी लागते. आणि नवीन शब्द पहिला आठवडाभर नुसता लॉगमध्ये बघायचा, डिलीट नाही. मे महिन्यात ठरवलेला हा नियम आहे.

तरी खरं सांगू, तुम्हाला स्वतःच्या बॉटची गरज नाही. मिस रोज बॉट फुकट आहे आणि कायम चालू असतो. माझा चालतो पुस्तकांच्या कपाटाखालच्या जुन्या लॅपटॉपवर, त्याची बॅटरी मेलेली, लाइट गेली की बॉट गेला. त्या वेळात आलेले मेसेज टेलिग्राम त्याच्यासाठी 24 तासांपर्यंत राखून ठेवतं. मागच्या पावसात संध्याकाळी सातला लाइट गेली ती आली पहाटे तीनला. लॅपटॉप उठला, बॉट उठला, आणि त्याने संध्याकाळपासूनच्या सगळ्या गुन्ह्यांचा निकाल एकदम लावला, पहाटे तीन वाजून चार मिनिटांनी अकरा जणांना वॉर्निंग, प्रत्येकाच्या फोनवर टिंग.