वजन तेवढंच, माणूस मात्र उतरलेला : डायलिसिसविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. दीड वर्ष आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. मशीनवरून उतरल्यावरचं वजन कायम ५८ किलो भरतं. पण सदरे ढगळ झालेत, घड्याळ मनगटावर फिरतं, कमोडवरून उठताना दाराची कडी धरावी लागते. रिपोर्ट बरे आहेत. विचारलं की 'वय झालं' एवढंच ऐकायला मिळतं. (सांगली)

उत्तर : वय हे यातलं एक कारण, पण त्यावर सगळं ढकलून मोकळं होऊ नये. ढगळ सदरा आणि दाराची कडी या खुणा रिपोर्टपेक्षा बोलक्या आहेत. याला फ्रेल्टी म्हणतात. शरीराची गंगाजळी आटत आलेली असते. एरवी चार दिवसांत निभावणारा ताप अशा माणसाला महिनाभर अंथरुणाला खिळवतो. डायलिसिसवरच्या लोकांत हे वृद्धांपुरतं नसतं, चाळिशी-पन्नाशीतही दिसतं.

आधी त्या ५८ किलोंकडे बघू. ड्राय वेट म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन. ते दीड वर्षापूर्वी ठरलं असेल आणि नंतर दोन किलो स्नायू झिजले असतील, तर आकडा तोच ठेवल्यामुळे ती जागा पाण्याने भरलेली असते. काट्याला मांस आणि पाणी यातला फरक कळत नाही. डायलिसिसनंतरही बीपी चढं राहणं, आडवं झालं की धाप किंवा खोकला, उशा वाढवाव्या लागणं, घोट्याजवळ बोट दाबल्यावर खळगा राहणं, ही त्याची लक्षणं. 'ड्राय वेट पुन्हा तपासा' असं युनिटमध्ये स्पष्ट सांगा. ते दर महिन्याला आणि प्रत्येक अ‍ॅडमिशननंतर बघायला हवं. उतरवायचं तर दर वेळी पाव ते अर्धा किलोने. एकदम दोन किलो ओढले की बीपी पडतं, पायात गोळे येतात आणि रुग्ण पुढच्या वेळी पाणी काढू देत नाही. खाणं सुधारून अंग भरलं असेल तर उलटं, ड्राय वेट वाढवावं लागतं.

मोजमापाची सर्वांत रुळलेली पद्धत अमेरिकेत २००१ साली मांडली गेली. तिचे पाच निकष : न ठरवता वर्षभरात साडेचार किलो किंवा पाच टक्के वजन घटणं, सततचा थकवा, मुठीची पकड ढिली होणं, चाल मंदावणं, हालचाल कमी होणं. तीन किंवा जास्त लागू पडले तर फ्रेल्टी, एक-दोन असतील तर उंबरठ्यावर. मात्र पाण्यामुळे वजनाचा निकष डायलिसिसमध्ये फसवतो, आणि थकवा कमी हिमोग्लोबिनचा किंवा नैराश्याचाही असू शकतो. म्हणून आमचा भर उठणं, चालणं आणि पकड यांवर असतो.

दोन चाचण्या घरी होतात. हात नसलेली, साधारण ४५ सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. वडिलांनी हात छातीवर दुमडून पाच वेळा पूर्ण उभं राहायचं. बाजूला कुणीतरी थांबायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर आशियाई निकषांनुसार शारीरिक क्षमता कमी समजतात. दुसरी चालण्याची : जमिनीवर खडूने सहा मीटर आखा, पण चालायला दोन पावलं आधी सुरुवात करा आणि रेषेच्या पुढे जाऊन थांबा. नेहमीच्या चालीने सहा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर चाल मंद. पकडीचं यंत्र फिजिओथेरपिस्टकडे असतं. पुरुषांत २८ आणि बायकांत १८ किलोंच्या खाली पकड कमी धरतात. ती फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून शस्त्रक्रियेने जोडलेली शीर) नसलेल्या हाताने, सुया टोचण्याआधी मोजावी. यातलं काहीच डायलिसिस संपल्याबरोबर करू नका, तेव्हा धडधाकट माणूसही नापास होईल.

कॅनडात तयार झालेली एक ते नऊ अंकांची मोजपट्टीही वापरतात. पाचव्या अंकाचा माणूस औषधं, पैसे, बाहेरची कामं यासाठी दुसऱ्यावर अवलंबून असतो. सहाव्याला आंघोळीला आणि जिन्यालाही मदत लागते. आजारपणात ॲडमिट केलं असेल, तर आदल्या दोन आठवड्यांची स्थिती विचारात घ्यायची, खाटेवर आज दिसतात तशी नाही. आपल्याकडे इथे हमखास गल्लत होते. सून आंघोळीचं पाणी काढून देते, मुलगा बँकेत जातो, म्हणून 'करत नाहीत' असं सांगितलं जातं. विचारायचं असतं ते 'घरात कुणी नसेल तर जमेल का?'

फ्रेल्टी निघाली, तर रक्तातलं बायकार्बोनेट (हे आम्लता आवरतं; २२ च्या खाली असलं तर स्नायू झिजतात), हिमोग्लोबिन, पॅराथायरॉइड (कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक) आणि डायलिसिस पुरेसं होतंय का, हे तपासायला लावा. आठवड्यातून दोनदाच होत असेल, लघवी जवळपास थांबली असेल आणि भूक मेली असेल, तर तिसऱ्या डायलिसिसचा विषय काढायलाच हवा. मोजमाप दर तीन ते सहा महिन्यांनी, आणि प्रत्येक अ‍ॅडमिशननंतर.

प्रश्न : आई ६१ वर्षांची, वजन ५० किलो, अंडंही खात नाही. डायलिसिसच्या आधी डाळ आणि पनीर बंद केलं होतं, ते तसंच चालू आहे. सोमवार आणि गुरुवार उपास असतो. डायलिसिसही त्याच वारी. (नाशिक)

उत्तर : तो नियम डायलिसिस सुरू झाला त्या दिवशी संपला, पण तो उठवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. असं फार घरांत होतं. मशीन रक्तातला कचरा काढतं तशी ॲमिनो आम्लंही (ज्यांपासून प्रथिनं बनतात) वाहून नेतं, एका वेळी साधारण सहा ते बारा ग्रॅम. त्यामुळे आता किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. आईला रोज ५० ते ६० ग्रॅम.

शाकाहारात ते असं बसतं : दिवसभरात दीडशे ग्रॅम कणकेच्या पोळ्या, १६ ग्रॅम. मूग किंवा तूरडाळ कच्ची ३० ग्रॅम, दोन वेळा, १४ ग्रॅम. घरचं पनीर ७५ ग्रॅम, सुमारे १३ ग्रॅम. सोयाबीनच्या वड्या कोरड्या २५ ग्रॅम, १३ ग्रॅम. अर्धी वाटी घट्ट दही, तीन ग्रॅम. डाळ घट्ट करा. पातळ वरणाने पाणीच जास्त पोटात जातं. पोटॅशियम वाढलेलं असेल तर डाळ भिजवून ते पाणी टाका. फॉस्फरस रोखणारी गोळी जेवणाच्या घासांबरोबर घ्यायची, रिकाम्या पोटी ती वाया जाते. डाळीतला फॉस्फरस अर्धवटच शोषला जातो. बेकरीचे पदार्थ, प्रोसेस्ड चीज, कोला यांतला मिसळलेला फॉस्फेट जवळजवळ सगळा अंगात जातो, आधी या पदार्थांना कात्री लावा.

नुसती प्रथिनं वाढवून भागत नाही. एकूण उष्मांक किलोमागे २५ ते ३५ हवेत, म्हणजे आईला १२५० ते १७५०. ते कमी पडले की शरीर खाल्लेली प्रथिनंच जाळतं. पोळीला तेल-तूप लावायला कचरू नका, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर गोष्ट निराळी.

उपासाचं म्हणाल, तर साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावालाही नाहीत. बटाटा, रताळं, केळं यांत पोटॅशियम भरपूर. सैंधवातही सोडियम असतंच. थोडक्यात, उपासाचं ताट डायलिसिसच्या रुग्णाला सगळ्या बाजूंनी नडतं, आणि वर त्याच दिवशी मशीन ॲमिनो आम्लं ओढतं. उपास सोडा असं आम्ही म्हणणार नाही. वार बदलता येतो, किंवा त्या दिवशी पनीर आणि दही ठेवता येतं, तेही उपासाला चालतं. मशीनवर असताना खाल्ल्याने बीपी पडत असेल, तर निघण्याच्या दीड-दोन तास आधी खाऊन घ्यावं.

अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) कमी आलं की लगेच प्रथिनांच्या पावडरचा डबा आणला जातो. पण ते अंगात पाणी साठल्याने आणि कुठे जंतुसंसर्ग असल्यानेही घटतं. पायाच्या जखमा, दात आणि कॅथेटर (डायलिसिससाठी बसवलेली नळी) आधी बघून घ्या.

प्रश्न : पती डायलिसिसहून येताना रिक्षातून उतरताना दोनदा पडले. ड्राय वेट ६० किलो, दर वेळी साडेतीन किलो पाणी काढतात, चार तासांत. (ठाणे)

उत्तर : हिशेब करून बघू. ३५०० मिलिलिटर भागिले ४ तास भागिले ६० किलो, म्हणजे तासाला किलोमागे साडेचौदा मिलिलिटर. १३ च्या वर वेग गेला की धोका वाढतो. तेच पाणी साडेचार तासांत काढलं तर वेग १३ च्या आत येतो. त्याहून बरं म्हणजे मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवणं. लोणचं, पापड, फरसाण थांबलं की तहान आपोआप कमी होते. 'पाणी कमी प्या' असं नुसतं सांगून काही होत नाही.

युनिटमधून निघण्याआधी बसून बीपी घ्यायचं, मग उभं राहून एका आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला, तर निघायचं नाही. बीपीच्या गोळ्या डायलिसिसच्या दिवशी कधी घ्यायच्या, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आता औषधांची पिशवी उलटी करा. पाय दुखतात म्हणून दिलेल्या गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन या गोळ्या किडनीवाटेच बाहेर जातात. डायलिसिसच्या रुग्णात त्या साठतात, मग झोक जातो, गुंगी राहते. त्या फार छोट्या डोसमध्ये, डायलिसिसनंतर द्यायच्या असतात. बॅक्लोफेन (स्नायू सैल करणारं औषध) तर टाळावंच. झोपेची गोळी आणि खाजेवरची गुंगीची औषधंही यात येतात. मात्र परस्पर बंद करू नका, काही औषधं टप्प्याटप्प्यानेच उतरवावी लागतात.

डायलिसिसमध्ये रक्त पातळ ठेवायला हेपॅरिन देतात. त्यामुळे त्या दिवशी डोकं आपटलं तर वरून काही दिसत नसलं तरी लगेच दवाखान्यात न्या.

प्रश्न : मशीनवर असताना व्यायाम चालतो का? (पुणे)

उत्तर : चालतो, पहिल्या दोन तासांत. नंतर बीपी पडण्याचा संभव वाढतो. पाय पुढे करून पेडल मारायची छोटी सायकल, किंवा घोट्याला अर्धा किलोची वाळूची पट्टी बांधून पाय सरळ उचलणं. दहा मिनिटांपासून सुरू करून अर्ध्या तासापर्यंत. फिस्टुलाचा हात हलवायचा नाही, आणि जांघेत कॅथेटर असेल तर हे करायचं नाही. छातीत दुखणं, गरगरणं, घाम सुटणं, काहीही झालं तर थांबून सिस्टरला सांगा.

याने पायातली ताकद सुधारते आणि चालतानाची दमछाक कमी होते. पण ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत सहा महिन्यांनंतरही रुग्णांना एकूण जगणं सुधारल्यासारखं वाटलं नाही, हेही सांगायला हवं. इटलीतल्या चाचणीत रुग्णांनी सुट्टीच्या दिवशी घरीच, दहा मिनिटांचं चालणं दिवसातून दोनदा केलं आणि त्यांचं चालण्याचं अंतर वाढलं. बिनखर्चाचं म्हणून आम्ही हेच आधी सुचवतो, जोडीला खुर्चीतून आठ-दहा वेळा उठणं-बसणं.

प्रश्न : वडील ८१, सहा महिने अंथरुणाला. आता डायलिसिस सुरू करा म्हणतात. त्याने उभे राहतील का? (रत्नागिरी)

उत्तर : डायलिसिसने सूज, धाप, मळमळ कमी होते. गेलेली ताकद त्याने परत येईलच असं नाही. अमेरिकेत नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या वृद्धांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. डायलिसिस सुरू झाल्यावर वर्षभरात ५८ टक्के दगावले होते, आणि आधीइतकी हालचाल टिकली होती फक्त १३ टक्क्यांची. ती माणसं आधीच परावलंबी होती, त्यामुळे घरात हिंडत्या-फिरत्या ८१ वर्षांच्या माणसाला हे आकडे लावू नयेत. तुमच्या वडिलांची स्थिती मात्र जवळची वाटते.

दोन मार्ग उघडे आहेत. एक, चार ते सहा आठवडे करून बघायचं. काय सुधारलं म्हणजे पुढे चालू ठेवायचं आणि काय झालं तर थांबायचं, हे सुरू करण्याआधी डॉक्टरांबरोबर लिहून काढायचं. दुसरा, डायलिसिस न करता औषधांनी सूज, खाज, धाप आणि वेदना आटोक्यात ठेवायच्या. हाही रीतसर उपचारच आहे. वडिलांना समजत असेल तर त्यांच्यासमोर बोला, बाहेरच्या पॅसेजमध्ये नको.

प्रश्न : फ्रेल्टी निघाली तर ट्रान्सप्लांटच्या यादीतून नाव जातं का? (नागपूर)

उत्तर : तेवढ्यावरून नाही. ट्रान्सप्लांटच्या आधी फ्रेल्टी मोजावी असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात २०२० पासून आहे, ते वाटेत काय सुधारता येईल हे कळावं म्हणून. नंबर लागेपर्यंतचा काळ आहार आणि व्यायामाला द्या आणि चाल, पकड व खुर्चीची चाचणी दर तीन महिन्यांनी फाइलमध्ये नोंदवून घ्या.