कल्चरमध्ये गार्डनेरेला वाढला, म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस झालाच का?

तुम्ही लिहिलंय की त्रास काहीच नाही, पण स्वॅबच्या कल्चर (नमुन्यातले जिवाणू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी) रिपोर्टवर 'गार्डनेरेला व्हजायनॅलिस' असं नाव आलंय. तेवढ्यावरून बॅक्टेरियल व्हजायनोसिस झालाय असं म्हणता येत नाही. योनीस्रावाच्या स्लाइड वाचणं हे माझं रोजचं काम आहे. हे नाव वाचून धसका घेतलेल्या बायका वरचेवर भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गार्डनेरेला हा जिवाणू कितीतरी निरोगी बायकांच्या योनीत असतोच. बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये बिघडतं ते योनीतल्या जिवाणूंचं आपसातलं प्रमाण. लॅक्टिक आम्ल तयार करणारे लॅक्टोबॅसिलस घटतात आणि ऑक्सिजनविना वाढणारे बरेच जिवाणू त्यांच्या जागी माजतात. त्यातले अनेक नेहमीच्या कल्चरमध्ये वाढतही नाहीत, त्यामुळे कल्चरवरून हे प्रमाण कळत नाही.

ते कळतं ग्रॅम स्टेन केलेल्या, म्हणजे जिवाणू दिसावेत म्हणून रंगवलेल्या स्लाइडवर. हजारपट मोठं करून आम्ही तीन प्रकार मोजतो: लॅक्टोबॅसिलसच्या जाडसर जांभळ्या काड्या (जितक्या कमी, तितके गुण जास्त), गार्डनेरेलासारखे बारीक जिवाणू आणि वाकड्या काड्या (हे दोन्ही जितके जास्त, तितके गुण जास्त). या गुणांची बेरीज म्हणजे १९९१ पासून वापरात असलेला न्यूजेंट स्कोअर. ० ते ३ म्हणजे ठीक, ७ ते १० म्हणजे व्हजायनोसिस. मधले ४ ते ६ खरे अवघड. लॅक्टोबॅसिलसचाच एक प्रकार, लॅक्टोबॅसिलस आयनर्स, इतका बारीक आणि फिकट दिसतो की तो गार्डनेरेलासारखा वाटून गफलत होऊ शकते. असा आकडा आला की मी स्लाइड पुन्हा पहिल्यापासून बघते.

डॉक्टरांना तपासणीच्या खोलीतही निदान करता येतं, १९८३ च्या अ‍ॅमसेल निकषांवर: पातळ, एकसारखा स्राव, पीएच (आम्लता मोजायचा आकडा; आम्लता घटली की तो वाढतो) ४.५ च्या वर. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर मासळीसारखा वास. आणि क्लू सेल, म्हणजे कडा दिसेनाशा होईपर्यंत जिवाणूंनी झाकलेल्या पेशी. चारपैकी तीन जुळले तर निदान पक्कं. पीएच मात्र रक्तामुळे किंवा वीर्यामुळेही वाढतो, त्यामुळे तो एकटा पुरेसा नाही. जिवाणूंचा डीएनए शोधणाऱ्या पीसीआर चाचण्याही आहेत, पण त्यातही एकट्या गार्डनेरेलाचं नाव येऊन भागत नाही, इतर जिवाणूंशी ताळा बघावाच लागतो.

त्रास नसेल तर सहसा औषध लागत नाही. घरात उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या कृपा करून घेऊ नका. गरोदर असाल, किंवा गर्भाशयाची एखादी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर हा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा आणि ग्रॅम स्टेन झाला होता का, हे विचारा.