बोर्डापुढे ‘बरा आहे’ म्हणू नका

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि बराच वेळ झोप लागली नाही. धाकट्या भावाला बारा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया, आई थकलेली, आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या वैद्यकीय बोर्डाने दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर ३० टक्के लिहून दिले. ‘तो नीट बोलला म्हणून कमी दिले का?’ असं तुम्ही विचारलंय. हो, बहुधा म्हणूनच. आमच्याकडे दादाच्या वेळी हेच झालं होतं.

पोर्टलवरचा अर्ज, आधार, फोटो हे तुमचं झालेलं आहे, त्यात शिरत नाही. आमची चूक तेवढी सांगते, तिच्यापायी तीन वर्षं गेली.

तपासणीच्या दिवशी आई पहाटे उठली. दादा एरवी आठ-आठ दिवस अंघोळीला तयार होत नाही. त्या दिवशी तिने कसंबसं समजावून त्याला न्हायला घातलं, मी न्हाव्याला घरी बोलावून दाढी करून घेतली, माझ्या लग्नात शिवलेला शर्ट इस्त्री करून अंगात चढवला. रिक्षात आई त्याला पढवत होती, ‘डॉक्टरांनी विचारलं की सरळ उत्तर दे, मध्येच हसू नकोस, पुटपुटू नकोस.’ बिचाऱ्याने तिचं सगळं ऐकलं. आत जेमतेम सात-आठ मिनिटं. अंघोळ स्वतः करता का? हो. कामधंदा? घरात मदत करतो. दादा अडखळला की आई पुढे होऊन म्हणायची, ‘करतो हो सगळं, शांत आहे, कुणाला त्रास नाही त्याचा.’ मी मागे उभी होते आणि मला चक्क बरं वाटत होतं, की चारचौघांत आपली अब्रू राहिली.

दाखल्यावर ३५ टक्के आले.

मानसिक आजाराची टक्केवारी ‘आयडियाज’ नावाच्या मोजपट्टीने काढतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, काम असे चार भाग. प्रत्येकाला ० ते ४ गुण, अडचण जितकी जास्त तितके गुण जास्त, आणि त्यात आजार किती वर्षांचा याचे गुण मिळवायचे. म्हणजे आई जिथे जिथे ‘करतो हो’ म्हणाली, तिथे तिथे गुण कमी पडत गेले. आजाराच्या वर्षांचंही तसंच. दादाचं दुखणं १९९९ पासूनचं. पण मला स्थळं यायला लागली तेव्हा बाबांनी जुनी फाईल, केसपेपर, गोळ्यांच्या चिठ्ठ्या सगळं बंबात घातलं, पाहुण्यांच्या हाती लागायला नको म्हणून. बोर्डापुढे ठेवायला उरले ते २०११ नंतरचे कागद. बाबांना मी दोष देत नाही. ती फाईल कुणी पाहिली असती तर माझं लग्न खरंच मोडलं असतं.

खिडकीवर विचारलं तर उत्तर मिळालं, ‘बोर्डाचा निर्णय फायनल असतो, आता काही होत नाही.’ आम्ही मान हलवून घरी आलो. ते कार्यालय कोणतं हे लिहीत नाही, पण त्या एका वाक्याचा राग अजून गेलेला नाही, कारण ते साफ चुकीचं होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ५९ आहे. दाखला देणाऱ्याच्या निर्णयावर अपील करता येतं. हे आम्हाला तीन वर्षांनी एका सोशल वर्कर मॅडमनी सांगितलं. तोवर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज ४० टक्के नाहीत म्हणून परत आला होता. बाबाही त्याच काळात गेले, आणि त्यांच्या पेन्शनच्या कागदांत दादाचं नाव घालायचं राहून गेलं. तुमच्याकडे आई किंवा वडील पेन्शनर असतील तर हे काम त्यांच्या हयातीतच करून घ्या. नंतर फार जड जातं.

मी वकील नाही, डॉक्टरही नाही, आणि प्रत्येक जिल्ह्याची तऱ्हा वेगळी. पण तुमचा दाखला ताजा आहे, तेव्हा अपील लगेच आणि लेखी करा. आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. कुणी तोंडी नाही म्हणालं तर ‘हेच लिहून द्या’ म्हणा. तरीही दाद लागली नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. जुन्या डॉक्टरांकडच्या नोंदीही मागवा. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम २५ प्रमाणे रुग्णाला आपले वैद्यकीय कागद मिळण्याचा हक्क आहे, म्हणून अर्जावर सही भावाची घ्या. त्याच कायद्यात साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांचे निर्णय घेताना साथ देणारा माणूस, नेमता येतो. भाऊ बरा असेल अशा दिवशी त्याला विचारून हेही उरकून घ्या. आणि ‘नॅशनल ट्रस्टचा पालकत्वाचा दाखला आणा’ असं कुणी सांगितलं तर त्यामागे धावू नका. नॅशनल ट्रस्टचा तो १९९९ चा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. स्किझोफ्रेनिया त्यात बसत नाही. आम्ही दोन महिने त्यात घालवले.

आता रोजच्या नोंदींच्या वहीचं. अपिलाची मुदत गेल्यामुळे आम्ही नव्याने तपासणी मागितली आणि त्याआधी मी दोन महिने रोज लिहिलं. ‘मंगळवार. अंघोळ नाही, सहावा दिवस. दुपारी टीव्हीवर चादर टाकली, आतली माणसं आपल्याबद्दल बोलतात म्हणाला. संध्याकाळी आईच्या हातचा चहा घेतला नाही.’ खोटं एक अक्षर नाही, वाढवूनही काही नाही. बोर्डापुढे जायच्या आदल्या रात्री मी दादाला म्हटलं, तुझ्याबद्दल हे लिहिलंय, वाचून दाखवू? त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, ‘त्या दिवशी चहा घेतला होता मी. पाणी घेतलं नव्हतं.’ थोड्या वेळाने म्हणाला, ‘रात्रीचं काहीच नाही यात. रात्री ते जास्त बोलतात.’ इतकी वर्षं आम्ही त्याच्या आजाराबद्दल आपसांत कुजबुजत होतो. त्याला कुणीच विचारलं नव्हतं. रात्रीचं पान मी त्याच्याच शब्दांत लिहिलं, त्याने खाली सही केली.

दुसऱ्या वेळी त्याला नेहमी असतो तसाच नेला. आईला मी आधीच सांगून ठेवलं होतं, विचारलं तरच बोल. वही आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र पुढे ठेवलं. ५५ टक्के आले, तेही पाच वर्षांसाठी. पाच वर्षांनी पुन्हा हेच सगळं. वीस-पंचवीस वर्षांच्या आजाराला मुदतीचा दाखला देणं मला क्रूर वाटतं. घरच्यांनी केलेली रोजची नोंद तपासणीतच मागून घ्यायला हवी, असं मी आयुक्तांना लिहून पाठवलंय. तुम्हीही पाठवा, एकटीचं पत्र फायलीत पडून राहतं.

वही आजच सुरू करा, वर तारीख घाला. आणि लिहिलेलं भावाला वाचून दाखवा, बोर्डाच्या आदल्या रात्रीपर्यंत थांबू नका.