पगार नाही, पण ईएसआय आहे ना?

प्रश्न : ताई, मी भोसरीत ठेकेदाराकडून सीएनसी मशिनवर कामाला आहे. एप्रिलमध्ये कोरोना झाला, सतरा दिवस घरीच वेगळा राहिलो. आरटी-पीसीआरचा रिपोर्ट जवळ आहे. ठेकेदार म्हणतो, काम नाही तर दाम नाही. शेजारी म्हणतात, पूर्ण पगार द्यायचा सरकारी आदेश आहे. खरं काय?
– एक वाचक, भोसरी (मे 2021)

उत्तर : भाऊ, शेजारी म्हणतात तो आदेश निघाला होता, पण गेल्या वर्षी. केंद्रीय गृह मंत्रालयाने 29 मार्च 2020 ला टाळेबंदीपुरता काढला आणि 18 मे 2020 पासून तो उठला. त्याच्या जोरावर भांडायला जाऊ नका.

त्यापेक्षा पगारचिठ्ठी काढा. पाऊण टक्का ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलाय का? 13,000 पगार असेल तर 98 रुपये दिसतील. मी ईएसआयच्या शाखेत खिडकीवर बसून नोकरी केली. लोक ते कार्ड दवाखान्याचं म्हणून जपतात. आजारपणात पैसे मिळतात हे सांगितलं की तोंडाकडे बघत राहतात.

मिळतात ते सरासरी रोजच्या पगाराच्या 70 टक्के, वर्षाकाठी जास्तीत जास्त 91 दिवस. पहिले दोन दिवस सोडून. रोज 500 धरला तर 350 प्रमाणे तुमच्या पंधरा दिवसांचे 5,250 रुपये होतात. ठेकेदाराने एखाद्या दिवसाची भरपगारी रजा दिली असेल तर तो दिवस वगळायचा.

खरी मेख पुढे आहे. जानेवारी ते जून 2021 मधल्या आजारासाठी एप्रिल ते सप्टेंबर 2020 ची वर्गणी बघतात. त्या सहा महिन्यांत किमान 78 दिवसांचा पगार लागतो. आणि तेव्हा तर सगळं बंद! तुम्ही गावी गेला होतात का? जूनमध्ये परतून कामाला लागला असाल तर दिवस आरामात भरतात. गणपतीनंतर आला असाल तर नाही भरत, आणि मग या खेपेला पैसे नाहीत. वाईट वाटतं, पण हेलपाटे घालायला लावून काय उपयोग?

कापलेले पैसे ठेकेदाराने भरलेच नसतील तर? घाबरू नका. ती वसुली ईएसआय महामंडळाने त्याच्याकडून, नाहीतर मूळ कंपनीकडून करायची असते. चिठ्ठ्या मात्र फेकू नका.

ईएसआय दवाखान्यातल्या डॉक्टरांचा दाखला असला तर उत्तमच. नसेल तर रिपोर्ट आणि ज्यांनी उपचार केले त्यांचे कागद जोडा. पर्यायी पुरावा मानायचा अधिकार महामंडळाला आहे. दहा आकडी विमा क्रमांक आणि पासबुकाची झेरॉक्स शाखेत जाताना बरोबर न्या. त्या दिवसांत तुम्ही गैरहजर होतात आणि पगार दिलेला नाही, एवढं ठेकेदाराकडून लिहून घ्या. पगार नाकारणाऱ्याला तेवढं लिहून द्यायला जड जाऊ नये.