नसबंदीनंतर पाचव्या दिवशी कुत्रीच्या गळ्यातील कोन काढावा का?

तुम्ही लिहिल्याप्रमाणे तुमच्या अडीच वर्षांच्या कारवानी कुत्रीची नसबंदी होऊन पाच दिवस झाले आहेत, ती नीट खाते आहे आणि आखाड्यावर, म्हणजे शेतवस्तीवर, जाण्यासाठी ओढ घेते आहे, गळ्यातील प्लास्टिकचा कोन तिने दोनदा काढून टाकला आहे, टाक्यांशेजारी एक मऊ फुगवटा दिसतो आहे, आणि कुत्र्याची जखम चाटूनच बरी होत असल्याने कोनाची गरज नाही असे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे. कोन काढू नका, आणि तो फुगवटा उद्यावर न टाकता आजच डॉक्टरांना दाखवा.

पाचवा दिवस फसवा असतो. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले चार-पाच दिवस जखमेच्या कडा जवळजवळ केवळ दोऱ्याच्या बळावर एकत्र राहिलेल्या असतात, कारण त्या काळात शरीर जखमेची आतून साफसफाई करण्यात गुंतलेले असते. कडा सांधणारे नवे तंतू त्यानंतर तयार होऊ लागतात, आणि तीन आठवडे उलटल्यावरही त्या जागेला मूळ कातडीच्या साधारण २० टक्के एवढीच ताकद आलेली असते. वेदना मात्र त्याच्या कितीतरी आधी ओसरते. शिवाय याच सुमारास जखम भरू लागल्यामुळे आणि शस्त्रक्रियेसाठी भादरलेले केस पुन्हा उगवू लागल्यामुळे तिथे खाज सुटते. कुत्री आनंदी दिसते, तिला खाज सुटलेली असते आणि जखम अजून कच्ची असते, अशा नेमक्या वेळी घरचे निर्धास्त होतात. उसवलेल्या टाक्यांची जी प्रकरणे मी पाहिली, त्यांतील बहुतेक याच दिवसांतली होती.

आपल्याला दिसतात ते फक्त वरचे, कातडीचे टाके. त्यांच्या खाली त्वचेखालचा थर आणि त्याहून खाली पोटाच्या स्नायूंचे आवरण वेगळ्या, आत विरघळणाऱ्या दोऱ्याने शिवलेले असते आणि आतड्यांचा सगळा भार त्या सर्वांत खालच्या शिवणीवर असतो. चाटण्याने आणि कुरतडण्याने वरचे टाके जातात, तर उड्या मारल्याने आणि पळण्याने खालची शिवण धोक्यात येते. म्हणून कोन घातला की काम झाले असे समजून तिला मोकळे सोडणे आणि बांधून ठेवले आहे म्हणून कोन काढणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच चुकीच्या आहेत.

वडीलधाऱ्यांचे निरीक्षण खोटे आहे असे मी म्हणणार नाही. रानात काट्याकुट्यांत खरचटलेले कुत्रे जखम चाटते आणि ती जखम भरून येते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे, आणि लाळेत जंतूंना अटकाव करणारे काही घटक असतात हेही खरे आहे. पण ती जखम उथळ आणि उघडी असते. इथे पोटापर्यंत खोल गेलेला छेद शिवून बंद केलेला आहे. त्यावर खरखरीत जीभ सतत फिरली की कडा ओल्या राहून मऊ पडतात, तोंडातले जंतू दोऱ्याच्या छिद्रांतून आत शिरतात, आणि पुढच्या बारीक दातांच्या चिमटीत एखादी गाठ सापडली की एका रात्रीत सगळी ओळ उसवते. हे त्यांना शांतपणे समजावून सांगा, कारण दुपारी घरी तेच असणार आणि कोन काढायचा की ठेवायचा हे प्रत्यक्षात त्यांच्याच हाती राहणार.

आता तिने कोन काढला कसा, ते पाहू. लातूर परिसरात पाळल्या जाणाऱ्या कारवानी कुत्र्यांची मान लांब, डोके अरुंद आणि तोंड निमुळते असते, त्यामुळे गळ्याच्या मापाने बांधलेला कोन डोक्यावरून सहज निसटतो. दुकानात मिळणारा मध्यम आकाराचा कोन तिच्या तोंडाला बहुधा पुरतही नसेल. कोनाची कड नाकाच्या टोकापुढे दोन-तीन सेंटिमीटर तरी आली पाहिजे. कोनाच्या आतल्या बाजूला जी छिद्रे किंवा कड्या असतात, त्यांतून तिचा रोजचा पट्टा ओवून घ्या आणि तो पट्टा मऊ सुती नाडीने छातीच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंनी बांधा, म्हणजे पंजाने ढकलूनही कोन पुढे सरकणार नाही. मात्र ती नाडी टाक्यांवरून जाता कामा नये. गळ्याशी दोन बोटे शिरतील एवढीच सैल जागा ठेवा. त्यानंतर तिच्याजवळ बसून ती मान वळवून पोटापर्यंत पोचते का, हे उभी असताना, बसताना आणि आडवी झाल्यावर अशा तिन्ही अवस्थांत पाहा. फुगवून गळ्यात घालायची जी गादीसारखी कॉलर मिळते, ती एवढ्या लांब मानेच्या कुत्र्याला उपयोगाची नाही.

जुने बनियन घालण्याची युक्ती चांगली आहे, पण ती कोनाच्या जोडीला. पुढचे पाय बनियनच्या बाह्यांतून काढावेत आणि मागचा भाग पाठीवर, शेपटीच्या अलीकडे सैलसर गाठ मारून बसवावा. मूत्राने किंवा लाळेने ओले झालेले कापड ताबडतोब बदलायला हवे, कारण ओल्या कापडाखाली टाके कोरडे राहत नाहीत. कापडावरूनही कुत्री चाटतेच, म्हणून रात्री एकट्या बनियनवर विसंबू नका. जेवताना कोन काढावा लागला तर तुम्ही समोर बसलेले असताना काढा आणि जेवण होताच परत घाला. पाण्याचे भांडे विटेवर उंच ठेवले की कोनासहही तिला पाणी पिता येते.

तिला गोठ्यात किंवा ओसरीत न ठेवता घरातल्या खोलीत ठेवा. अंथरायला गोणपाट किंवा भुसा नको, कारण त्याचे तंतू आणि धूळ जखमेला चिकटते. धुतलेली गोधडी किंवा सुती चादर घाला आणि ती रोज बदला. बाजेवर उडी मारणे, गच्चीच्या पायऱ्या चढणे आणि मोटारसायकलवर पुढे बसणे बंद. शी-शूसाठी बाहेर न्याल तेव्हा आखूड दोरीने न्या. घरात दुसरे कुत्रे असेल तर त्याला वेगळे ठेवा, कारण ते खेळायला खेचते एवढेच नव्हे तर दुसऱ्याचे टाकेही चाटते. ती नुकतीच माजावर येऊन गेली असेल, तर नर अजूनही मागे लागू शकतात आणि या अवस्थेत समागम झाला तर आतली शिवण फाटण्याचा धोका असतो.

आपल्याकडे पावसाळ्यात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती माशांची. ओलसर जखमेवर माशीने अंडी घातली की एका दिवसाच्या आत अळ्या पडू शकतात, आणि शेतवस्तीवर जनावरे असल्याने माशांना तोटा नसतो. दिवसा ती झोपते तिथे मच्छरदाणी लावा. सकाळ-संध्याकाळ उजेडात, हात धुऊन, टाके नुसते पाहा; बोट लावू नका. आसपास पांढरट बारीक अंड्यांचे पुंजके दिसले किंवा वास आला, तर तडक दवाखाना गाठा. माश्या दूर ठेवणारा फवारा डॉक्टरांना विचारूनच वापरा. फिनाईल किंवा डांबरगोळ्यांची पूड गुरांच्या जखमेत घालण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती कुत्र्यासाठी विषारी ठरते.

हळद आणि तेल, राख, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, यांतले काहीही टाक्यांवर लावू नका. तेलकट लेपाला धूळ चिकटते आणि त्याच्या वासाने कुत्री अधिक चाटते, तर स्पिरिट आणि पेरॉक्साइडमुळे नव्याने तयार होणाऱ्या पेशीच मरतात. काळ्या मातीचा चिखल लागला तर पाय ओल्या फडक्याने पुसा आणि अंघोळ मुळीच घालू नका. माणसांसाठीच्या वेदनाशामक गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक, कुत्र्याच्या पोटात व्रण करतात आणि मूत्रपिंडे निकामी करू शकतात. डॉक्टरांनी दिलेले औषधच, सांगितलेल्या मात्रेत द्या. ते घेतल्यावर उलट्या झाल्या किंवा शी काळी झाली तर पुढची मात्रा थांबवून त्यांना कळवा.

तुम्ही सांगितलेला फुगवटा जास्त हालचालीमुळे कातडीखाली साठलेल्या द्रवाचा असू शकतो आणि तसा असेल तर विश्रांतीने तो बहुधा जिरतो. पण आतली शिवण सुटून पोटातला भाग कातडीखाली आला तरी बाहेरून असाच मऊ उंचवटा दिसतो. हा फरक घरी ओळखता येत नाही, दाबून पाहणे धोक्याचे आहे, आणि म्हणूनच मी सुरुवातीला आजच दाखवा असे लिहिले. दाखवायला नेईपर्यंत त्याचा फोटो काढून ठेवा, म्हणजे तो वाढतो आहे का हे डॉक्टरांना कळेल.

रक्त किंवा पू येणे, कडा फाकणे, हिरड्या पांढुरक्या पडणे, ताप १०३ अंश फॅरेनहाइटच्या वर जाणे, खाणे बंद होणे, यांपैकी काहीही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. पोटातील भाग बाहेर दिसलाच तर तो आत ढकलू नका. मेडिकलमधून आणलेल्या सलाईनमध्ये किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेले स्वच्छ सुती कापड त्यावर धरा, तिला चाटू देऊ नका आणि आडवी धरून गाडीने न्या. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर त्या वेळी भेटले नाहीत तर उदगीर आणि परभणी येथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. निघण्यापूर्वी फोन करून तिथे कोण उपलब्ध आहे ते विचारून घ्या.

सर्व ठीक राहिले तर टाके साधारण १० ते १४ दिवसांच्या दरम्यान काढले जातात; विरघळणारे टाके असले तरी त्या सुमारास एकदा दाखवून घ्यावे. टाके निघाल्यावर त्या छिद्रांची खाज आणखी एक-दोन दिवस राहते, तेव्हा निदान रात्री कोन असू द्या. आखाड्यावर तिला न्यायला हरकत नाही, पण पुढचा आठवडाभर दोरीवरच न्या; डॉक्टरांनी पोट तपासून होकार दिल्यानंतरच तिला पळायला मोकळे सोडा, आणि अंघोळही त्यानंतरच घाला.