हेसीत ८१० आले, आता एनक्लेक्सचं काय?

प्रश्न : मुलगी अमेरिकेत नर्सिंगच्या शेवटच्या सत्रात आहे. हेसी एक्झिट परीक्षेत (एनक्लेक्सची तयारी किती झाली, हे तपासणारी परीक्षा) तिला ८१० गुण मिळाले, पदवीसाठी कॉलेजला ८५० हवेत. आता आपण एनक्लेक्स, म्हणजे नर्सच्या परवान्याची परीक्षा, नापासच होणार, असं धरून बसली आहे. तसं असतं का?

उत्तर : नाही ताई, आणि हे तिला आजच सांगा. नर्सिंग शिकवताना मी हेच बघत आले आहे. ज्यांना हेसीसारख्या परीक्षेत भरपूर गुण पडतात, ते बहुतेक पहिल्याच वेळी एनक्लेक्स पास होतात. पण नापास कोण होईल, हे सांगण्यात या परीक्षा कच्च्या आहेत. कमी गुणांच्या कितीतरी मुली पुढे पास होतात. म्हणूनच या एका आकड्यावर पदवी अडवणं मला अन्यायाचं वाटतं.

तिला विषयवार गुण बघायला सांगा. समजा प्रश्न असा आहे : रुग्ण डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) आणि फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) घेतोय, रक्तातलं पोटॅशियम २.८ म्हणजे बरंच कमी, मळमळतंय, आधी काय कराल? औषधं तोंडपाठ असलेल्या मुलीही ‘आहारात पोटॅशियम वाढवा’ निवडतात. खरं तर डिगॉक्सिनचा डोस रोखून डॉक्टरांना लगेच कळवायचं, कारण पोटॅशियम कमी असताना डिगॉक्सिन विषारी ठरू शकतं. गोंधळ असा अग्रक्रमाचा असेल, तर पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचून काही होत नाही. रोज प्रश्न सोडवायचे आणि प्रत्येक चुकीचा पर्याय का चुकीचा, हे स्वतःच्या शब्दांत लिहायचं.

पदवीनंतर एनक्लेक्स महिनोन्‌महिने लांबवू नका. नापास झालीच, तर साधारण ४५ दिवसांनी पुन्हा बसता येतं. हेसीची फेरपरीक्षा किती वेळा देता येते, ते मात्र कॉलेजकडून लेखी घ्या.